मेलेल्या माणसाची रजा

१

मेलेल्या माणसाने गेल्या महिन्यात तीन दिवस रजा घेतली होती.

फॉर्मवाल्या बाईंनी चष्मा पुसला आणि ते हजेरीचं कार्ड पुन्हा उजेडाकडे धरलं. रोज सकाळी आठ वाजून काही मिनिटांचा जांभळा ठसा, संध्याकाळी सहानंतरचा दुसरा. मधले तीन दिवस मात्र कोरे. बारा, तेरा, चौदा. नाव पॉलिशवाल्या काकांचं होतं. आणि काकांना जाऊन चौदा महिने झाले होते. ती बातमी कळली त्या संध्याकाळी बाईंनी आपल्या देवापुढे एक दिवा जास्तीचा लावला होता, त्यामुळे त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

वर्षातून एकदा बाई इथे येत. पगाराचे कागद जुळवायचे, पगारातून कापलेला कर सरकारात पोचला का ते बघायचं आणि प्रत्येक कामगाराचं वर्षाचं करपत्रक करून द्यायचं. अशा तीसेक लहान धंद्यांचे कागद त्या सांभाळत. कुणाची बेकरी, कुणाचा छापखाना. पण या कारखान्यात शिरताना त्या दरवर्षी मनातल्या मनात नामस्मरण सुरू करत. इथे माणसांसाठी काचेचे डोळे बनत. टेबलांवर, फळ्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर ट्रे मांडलेले, आणि प्रत्येक ट्रेमध्ये बुबुळ वर करून ठेवलेले डोळे. कुठेही बसा, शंभरदोनशे नजरा तुमच्यावर.

"मालक," बाईंनी हाक मारली, "तुमच्याकडे माणसं किती?"

"नऊ. का हो?" नुकतेच आलेले मालक खुर्चीत टेकत म्हणाले.

"कार्डं दहा आहेत."

मालकांनी कार्ड पाहिलं आणि हसले. "काकांचं जुनं कार्ड राहिलं असेल कुठेतरी."

"जुन्या कार्डावर गेल्या महिन्याचे ठसे कसे?"

तेवढ्यात दार ढकलून साचेवाला आत आला. मंगळवार आणि शुक्रवार तो दुपारी बाराला येई. त्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचं डायलिसिस असे. कारखान्याचा गटविमा होता म्हणून ते चाललं होतं. नाहीतर त्या इस्पितळाच्या पायऱ्या चढायचीही त्याची ऐपत नव्हती.

"बाई, विम्याचा हप्ता गेला ना या खेपेचा?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

"गेला रे बाबा. काळजी करू नकोस."

तो हजेरीच्या घड्याळाकडे गेला. खाड्कन ठसा उमटला. घड्याळाशेजारी दोन फळ्या होत्या. सकाळी ठसा मारला की कार्ड डावीकडून उजवीकडे ठेवायचं, म्हणजे माणूस आत आहे हे कळतं. बाई त्याच्या मागोमाग उठल्या. उजव्या फळीवर या महिन्याची कार्डं होती. त्यांनी ती मोजली. एक, दोन, तीन... साचेवाल्याचं धरून दहा.

काकांचं कार्ड त्यांत होतं. त्यावर आजचा ठसा होता. आठ वाजून दहा मिनिटं.

काका कामावर आले होते.

२

"हा सरळ सरळ दरोडा आहे," मालक खालच्या आवाजात म्हणाले. हसू केव्हाच मावळलं होतं. "मेलेल्याच्या नावावर पगार उचलतंय कोणीतरी. आणि कोण ते सांगायला मला ज्योतिषी नको. काकांचा जिवलग कोण? साचेवाला. आज महिन्याची अखेर आहे, पगार हातावर ठेवतो आणि सहा वाजता घालवतो."

"त्याला घालवलंत तर त्याच्या बायकोचा विमा त्याच मिनिटाला संपेल."

"ते त्याने आधी बघायला हवं होतं."

"सहा वाजायला अजून सहा तास आहेत," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तेवढे मला द्या."

पगाराचं काम बघणारा कारकून महिन्याच्या शेवटच्या दिवशी अर्धा दिवस येई. चार कारखान्यांची पाकिटं त्याला एकाच दिवशी करायची असत, म्हणून त्याला सगळे उडता कारकून म्हणत. आजही तो आला तो घड्याळाकडे बघतच.

"बसा जरा," बाई म्हणाल्या. "या माणसाला ओळखता?"

"पॉलिशवाले. हो, म्हणजे नावाने. मी लागलो तेव्हापासून त्यांचा पगार काढतोय. तेरा महिने. नियमित माणूस आहे हो! महिन्यातून एकदा दोनतीन दिवस रजा, बाकी खाडा नाही."

"कधी पाहिलंत त्यांना?"

कारकून विचारात पडला. "बाई, मी कार्डं मोजतो. चेहरे मोजायला वेळ कुठे असतो?"

"मग त्यांचं पाकीट कोण नेतं?"

"तेच तर. मी नाव पुकारतो. कोणी पुढे येत नाही. सगळे माना खाली घालतात, मशीनसुद्धा बंद करतात. अंगावर काटा येतो हो. एकदा मी गमतीने म्हटलं, काय, पॉलिशवाले रुसले की काय? तर कोणीच हसलं नाही."

"आणि पाकीट?"

"न नेलेलं पाकीट तिजोरीत ठेवायचं, असा नियम आहे. खालच्या खणात. पाकिटावर कर कापल्याची चिठ्ठी लावून."

मालकांनी तिजोरी उघडली. खालच्या खणात वाकून बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. हात घातला, आणि ते तसेच वाकून राहिले.

तेरा पाकिटं होती. एकावर एक, नीट रचलेली. सगळी चिकटवलेली. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"म्हणजे चोरी झालीच नाही?" मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. चोर असता तर त्यांना बरं वाटलं असतं. चोराला पोलिसात देता येतं.

३

साचेवाला प्लास्टर लागलेले हात पुसत समोर उभा राहिला. बाईंनी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही.

"मला ठाऊक होतं, एक दिवस कोणीतरी विचारणार," तो म्हणाला. "बाई, काका येतात."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं नाही. आम्ही साडेआठला येतो. आत कोणीच नसतं. अक्का मागे पाणी भरत असतात, तेवढंच. पण काकांचं कार्ड तोवर उजवीकडे आलेलं असतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी थट्टा केली. मी ते डावीकडे ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडे. मग मी हात लावायचं सोडलं."

"मालकांना का नाही सांगितलंस?"

 मागच्या फळीवरच्या ट्रेमधून तपकिरी डोळ्यांची एक रांग त्याच्या खांद्यावरून बाईंकडे बघत होती.

"काय सांगायचं?" तो म्हणाला. "नुसतं कार्ड असतं तर सांगितलं असतं. पण पॉलिशही होतं ना."

"म्हणजे?"

"मी साच्यातून डोळा काढला की तो धुरकट असतो. आंधळा म्हणतो आम्ही त्याला. काकांनी चाकावर धरला की त्यात जीव यायचा. काका गेले. मी आदल्या दिवशीचे आंधळे डोळे सवयीने त्यांच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर सगळे चकाकतायत. काकांचं चाक हाताला कोमट लागलं. रोज तसंच. ज्याचं काम होतंय त्याचा पगार नको, असं कसं म्हणायचं, बाई? म्हणून कारकून नाव पुकारतो तेव्हा आम्ही सगळे मशीन बंद करून उभे राहतो. मान म्हणून."

 बाईंनी पदर आवळला आणि त्या मालकांकडे वळल्या.

"मालक, काका गेल्यावर पॉलिशला माणूस घेतलात?"

"नाही. गरजच पडली नाही. माल वेळेवर जातोय की."

"मग पॉलिश कोण करतं?"

"हाच करत असेल, साचेवाला."

"मी?" साचेवाला दचकला. "मला चाकाला हात लावता येत नाही, मालक. मला वाटलं निदान तुम्हाला तरी..."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. चौदा महिने या कारखान्यातून रोज वीसपंचवीस डोळे पॉलिश होऊन बाहेर पडत होते, आणि ते कोण करतं हे एकालाही माहीत नव्हतं.

मागच्या दाराशी भांडं आपटल्याचा आवाज झाला. तिघेही उभ्या जागी हादरले. अक्का होत्या, मालकांची थोरली बहीण. हातात चहाचा ट्रे.

"कितीदा सांगितलं, तो उंबरा घासून टाक म्हणून," त्या पुटपुटल्या, आणि कप ठेवून आल्या तशा निघून गेल्या.

४

बाईंनी मालकांच्या फायली मागवल्या. भुताच्या मागे धावायला त्यांना येत नव्हतं, कागदाच्या मागे येत होतं. इतक्या वर्षांत त्या एवढं शिकल्या होत्या की पैसा कोणी नेला हे कळेना, तर कुणाला दुसरंच काही मिळालं का ते बघावं.

मेलेल्या माणसाचा कर दर महिन्याला वेळेवर भरलेला होता. भविष्य निधीही. मालकांना तोटा, सरकारला फायदा, काकांना शून्य. मग विम्याच्या फायलीत एक पत्र सापडलं. काका गेल्यानंतर आठव्या दिवशीचं. विमा कंपनीने सगळ्या लहान कारखान्यांना पाठवलेलं साधं पत्रक. त्यातल्या एका ओळीपाशी कोणीतरी पेन्सिलीने बारीक खूण केली होती.

कामगारांची संख्या दहापेक्षा कमी झाल्यास गटविमा बंद होईल.

"हे पत्र तुम्ही वाचलंत?"

"मी पत्रं वाचतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मालक म्हणाले. मग त्यांनी ती ओळ वाचली आणि टेबलावर मूठ आपटली. ट्रेमधले डोळे खडखडले. "बघा! काका गेले की नऊ राहतात. नऊ राहिले की विमा जातो. विमा गेला की कुणाच्या बायकोचे हाल? आता तरी पटलं? पगार नकोच होता त्याला. त्याला दहावं डोकं हवं होतं!"

बाईंना ते पटलं होतं. त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. कार्ड कशासाठी जिवंत ठेवलं होतं हे आता स्वच्छ कळत होतं, आणि बोट साचेवाल्याकडेच जात होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

त्यांनी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली. साचेवाल्याचं आणि काकांचं. मंगळवार. शुक्रवार. पुन्हा मंगळवार.

"मालक, ही वेळ वाचा. मंगळवारी काका आठ-बाराला आले. साचेवाला?"

"बारा-पाच. इस्पितळातून."

"शुक्रवारी?"

"काका आठ-नऊ. हा... बारा." मालकांचा आवाज खाली आला. "दुसऱ्याकडून मारून घेतला असेल ठसा."

"आणि पॉलिश? तेही दुसऱ्याकडून? ज्या दिवशी काकांची रजा त्या दिवशी पॉलिशही नाही, मी रवानगीची वही पाहिली. ठसा मारणारं आणि चाक फिरवणारं माणूस एकच आहे. आणि ते महिन्यातून तीन दिवस कुठेतरी जातं. मालक, ज्याला पकडलं जाऊ नये असं वाटतं, तो मेलेल्याला रजा कशाला देईल? सगळे दिवस भरून टाकेल. हे माणूस खोटी हजेरी लावत नव्हतं. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी लावत होतं."

"पण तसं माणूस आहे कुठे? नऊच्या नऊ जण तर साडेआठनंतर येतात!"

 बाई मालकांच्या खर्चाच्या पावत्या चाळू लागल्या होत्या. करासाठी दरवर्षी मालक त्यांना पिशवीभर पावत्या देत. प्रवास, टपाल, बाहेरचं जेवण. एका पावतीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी भराभरा दुसरी काढली, तिसरी काढली, आणि काकांच्या तेरा महिन्यांच्या कार्डांशेजारी एकेक मांडत गेल्या.

शेवटची पावती मांडून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"मालक," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मेलेला माणूस ज्या ज्या दिवशी रजेवर असतो, त्या त्या दिवशी तुम्ही बाहेर जेवता."

५

मालकांनी पावत्या मागे सारल्या. "माझ्यावर आळ घेताय?"

"नाही. तुम्ही अकराला येता. मी एवढंच विचारते, बाकीच्या दिवशी तुम्ही काय जेवता?"

"डबा."

"कोण आणतं?"

"अक्का. सकाळीच घेऊन येते येताना." बोलता बोलता मालक थांबले. "तिला घरात करमत नाही म्हणून येते ती. बसते इथे. मधेच लेकीकडे जाते दोनतीन दिवस, तेव्हा माझे हाल होतात, मग काय, हॉटेल..."



"किल्ली कुणाकडे असते?" बाईंनी विचारलं.

"अक्काकडे."

"टपाल कोण उघडतं?"

"अक्का."

"मी सकाळी विचारलं, माणसं किती. तुम्ही नऊ म्हणालात. साचेवाला म्हणाला, आत कोणीच नसतं, अक्का तेवढ्या असतात. मीसुद्धा आज त्यांच्या हातचा दोनदा चहा प्यायले आणि त्यांना मोजलं नाही."

अक्कांना हाक मारावी लागली नाही. त्या दारातच उभ्या होत्या. पदराच्या टोकाला पॉलिशची पांढरी पूड लागली होती. ती आज लागली नव्हती, रोजच असे.

"अक्का, तू?" मालकांच्या तोंडून एवढंच निघालं.

"हो रे धाकट्या." आवाज शांत होता. "काका शेवटच्या आजारात मला चाक धरायला शिकवत होते. म्हणाले, माझ्यामागे डोळे आंधळे राहायला नकोत. ते गेले, आणि हे पत्र आलं. साचेवाल्याची बायको तेव्हा नुकतीच डायलिसिसला लागली होती. मी म्हटलं, कागदावर दहा माणसं हवीत ना? मग इथे दहा माणसंच काम करतायत. मी रोज येते, सगळे यायच्या आधी आणि सहाला सगळे गेल्यावर चाक फिरवते, मग कुलूप लावते. मी एका दिवसाचीही खोटी हजेरी लावली नाही. नाव तेवढं काकांचं."

"तुमचं का नाही लावलंत?" बाईंनी विचारलं.

"माझं कार्ड कुठे होतं?"

साचेवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आणि पगाराचं पाकीट?" मालक घोगरेपणाने म्हणाले.

"ते माझं नव्हतं. मेलेल्या माणसाचे पैसे मी कशाला घेऊ?"

बाईंना रडू आलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण आता जे बोलायचं होतं ते सोपं नव्हतं. "अक्का, तुमचं मन स्वच्छ आहे, पण कागद खोटा आहे. तो मला असा पुढे पाठवता येणार नाही. काकांचं नाव आजच काढावं लागेल."

"मग नऊ राहतील," साचेवाला कसाबसा बोलला.

"खरं सांगितलं तर दहा राहतील. मालक, अक्कांना कामगार म्हणून घ्या. चौदा महिन्यांचा पगार त्यांच्या नावाने, कर त्यांच्या नावाने, दंड बसेल तो तुमच्या नावाने. विमा कंपनीला सगळं कळवायचं, काही लपवायचं नाही. ते ऐकतील की नाही हे मी सांगू शकत नाही."

मालक उसळले. "भावाच्या कारखान्यात सख्खी बहीण पगारी नोकर? लोक काय म्हणतील?"

"बिनपगारी चालत होती," बाई म्हणाल्या, "तेव्हा लोक काय म्हणत होते?"

 मालकांनी बाईंपुढचा कोरा फॉर्म ओढून घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"पद काय लिहू?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःशीच म्हणाले, "बहीण."

"ते पद नाही, मालक."

सहाला पाच कमी असताना त्यांनी तिथे लिहिलं: पॉलिश कारागीर.

६

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचा निरीक्षक आला. बाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कंपनीचं पत्र कडक होतं. समक्ष डोकी मोजू, दहा कामगार कामावर दिसले तर विमा राहील, नाहीतर मागच्या तारखेपासून रद्द. तो शुक्रवार होता, पण साचेवाला सकाळी आठलाच येऊन बसला होता. बायकोला त्याने एकटीलाच पाठवलं होतं. जाताना ती म्हणाली होती, पुढच्या मंगळवारी इस्पितळात जायचं की नाही ते संध्याकाळी सांगा.

निरीक्षक कोरड्या चेहऱ्याचा माणूस होता. डोळ्यांचे ट्रे बघून त्याने एकदा आवंढा गिळला आणि नंतर कुठेही न बघता फक्त माणसं मोजायची ठरवली. आपापल्या जागी बसा म्हणाला. मशीन चालू झाली.

बाईंचं लक्ष काकांच्या चाकाकडे गेलं. चाकापाशी कोणी नव्हतं. दारात पाहुणा दिसला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने अक्का उठल्या होत्या. निरीक्षकासमोर पाण्याचा ग्लास धरून त्याच उभ्या होत्या.

त्याने ग्लास घेतला. कुणाच्या हातून घेतला हे बघितलं नाही. पाणी प्यायला, रिकामा ग्लास अक्कांच्या हातात परत दिला आणि पेनने एकेका टेबलाकडे बोट करत निघाला. सहा. सात. साचेवाल्यापाशी आठ. खिडकीपाशी नऊ. चाकाची खुर्ची रिकामी. तो ती ओलांडून गेला.

"नऊ," तो म्हणाला आणि वहीत लिहायला वाकला.

बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांनी बोलून चालणार नाही. बाहेरच्या माणसाने सांगितलेली हजेरी कोण धरणार? मालकांकडे पाहिलं तर त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. मशीनच्या घरघरीत साचेवाला खालमानेने बसून राहिला होता. 

अक्कांनी ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पदराला हात पुसले. सगळ्या कारखान्यासमोरून चालत त्या चाकापाशी गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि बटण दाबलं. चाक फिरू लागलं.

"साहेब," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मशीनच्या वर चढला. "मी राहिले मोजायची."

निरीक्षकाने मान वर केली. त्याने अक्कांकडे पाहिलं, त्यांच्या बोटांत धरलेल्या आंधळ्या डोळ्याकडे पाहिलं. तो डोळा चाकाला लागला आणि हळूहळू त्यात उजेड उतरू लागला. निरीक्षकाला नजर काढून घेता येईना.

मग त्याने नवावर काट मारली.